भाला घडवणारा विजेता

नीरज चोप्राने १६ मे २०२५ रोजी दोहा येथे ९०.२३ मीटर भाला फेकला, त्यानंतरच्या कौतुकात त्याचा खांदा, धाव आणि प्रशिक्षक यान झेलेझ्नी यांची भरपूर चर्चा झाली. परंतु भाला या साधनाचे आजचे रूप ज्यांच्यामुळे ठरले, त्यांच्यापैकी दोघे स्वतः विश्वविक्रमी भालाफेकपटू होते, हे फारसे कोणी सांगितले नाही. पहिला अमेरिकेचा बड हेल्ड. भाऊ डिक याच्या साहाय्याने त्याने अधिक तरंगणारा भाला घडवला आणि १९५३ मध्ये ८०.४१ मीटर फेक करून ८० मीटरची मर्यादा सर्वप्रथम ओलांडली.

दुसरा, आणि या विषयात अधिक महत्त्वाचा, हंगेरीचा मिक्लोश नेमेथ. हातोडाफेकीतील १९४८ च्या ऑलिंपिक विजेत्याचा हा मुलगा १९७६ मध्ये माँट्रियलच्या अंतिम फेरीत पहिल्याच प्रयत्नात ९४.५८ मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेऊन गेला आणि पुढे भाले बनवू लागला. दरम्यान १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली होती. मैदाने अपुरी पडू लागली होती आणि आडव्या पडणाऱ्या भाल्यांवरून वाद होत होते, त्यामुळे १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे भाला ज्या बिंदूवर तोलला जातो तो बिंदू, ४ सेंटीमीटर पुढे सरकवण्यात आला. हवेचा एकवटलेला दाब ज्या ठिकाणी कार्य करतो, तो दाबमध्य आता गुरुत्वमध्याच्या बराच मागे राहू लागला. त्यामुळे उडताना शेपटी वर ढकलली जाऊन टोक लवकर खाली झुके आणि अंतर घटे.

नेमेथने गुरुत्वमध्याला हात न लावता दाबमध्यच पुढे आणला. त्याने शेपटीकडचा पृष्ठभाग खडबडीत केला. गोल्फच्या चेंडूवरील खळग्यांप्रमाणे या खडबडीतपणामुळे हवा पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून वाहते, मागचे भोवरे घटतात, शेपटीवरील विरोध कमी होतो आणि टोक झुकायला उशीर लागतो. बोटांच्या टोकांशी भाला सुटताना काय घडते हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, त्यालाच सुचावा असा हा उपाय होता. याच पद्धतीच्या भाल्याने ब्रिटनच्या स्टीव्ह बॅकलीने १९९० मध्ये ९०.९८, तर फिनलंडच्या सेप्पो रेटीने १९९१ मध्ये ९६.९६ मीटर फेक केली.

१९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने खडबडीत शेपटीवर बंदी घातली. नियमाचा हेतू जपण्यासाठी ती आवश्यक होती, असे म्हणता येते; परंतु त्याच वेळी अशा भाल्यांनी आधी केलेले विक्रमही पुसून टाकण्यात आले आणि विश्वविक्रम बॅकलीच्या जुन्या ८९.५८ मीटरवर परत नेण्यात आला. भाला फेकला त्या दिवशी तो नियमबाह्य नव्हता, म्हणून खेळाडूंच्या खात्यातून ती अंतरे काढून घेणे हा उघड अन्याय होता. बंदीनंतरही नेमेथच्या नावाचे भाले आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हद्दपार झाले नाहीत; खडबडीत शेपटीविना, नियमात बसणारे त्याचे भाले आजही अव्वल खेळाडू वापरतात.