स्पीकरातली ‘घूं’ आणि दोन डब्यांचा हिशेब

गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजली असते. हजारो माणसं गप्प उभी राहतात. अशा शांततेतच ध्वनियंत्रणेचा खरा कस लागतो. बारीकशी ‘घूं’ही कानाला टोचते.

ती बहुधा येते वीजपुरवठ्यातून. माइकचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, आणि अ‍ॅम्पलिफायरच्या त्याच डब्यात शेजारी जाडजूड ट्रान्सफॉर्मर. त्याचं 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सिग्नलमध्ये शिरतं आणि माइकचा सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प तेही आवाजासोबत वाढवतो. अंतर दुप्पट केलं की हे क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणून प्रीअ‍ॅम्प एका डब्यात, स्पीकर चालवणारा पॉवर अ‍ॅम्प ट्रान्सफॉर्मरसह दुसऱ्यात. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपार जातो, तेव्हा तापणारा भाग नाजूक भागापासून लांब राहिलेला बरा.

पण डबे वाढले की वायरी वाढतात, जॅक वाढतात. झिजलेला जॅक खरखरतो. दोन डब्यांना अर्थिंग वेगवेगळ्या बोर्डांवरून असेल, तर सिग्नलच्या केबलवरच्या जाळीतून प्रवाह फिरतो आणि घालवलेली घूं मागच्या दाराने परत येते. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावा, बॅलन्स्ड केबल वापरा. अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका. ओल्या मंडपात ती जीव वाचवते.

म्हणून एवढ्या शांततेची गरज नसलेल्या गावच्या भजनी मंडळाला मी एकाच डब्यातला मिक्सर-अ‍ॅम्पलिफायर सुचवेन. मोटरसायकलवर नेता येतो, जोडायला दोन मिनिटं लागतात.