साटेलोटे पकडायचे कसे?

वाशीच्या फळबाजारात हापूसचा सौदा वर्षानुवर्षे रुमालाखाली होत आला. बोटे दाबून ठरलेला भाव घेणाऱ्या-देणाऱ्यालाच ठाऊक. कोकणातल्या बागायतदारांचा या पद्धतीवर राग आहे. पण भाव लपवला म्हणून कार्टेल होत नाही. एकमेकांशी स्पर्धा करायची ती मंडळीच भाव, पुरवठा किंवा इलाखे आपापसांत ठरवून घेतात, तेव्हा ते कार्टेल. त्याला आळा घालणारी तरतूद २० मे २००९ पासून लागू आहे आणि तपास भारतीय स्पर्धा आयोगाकडे असतो.

नुसता भाव चढला, एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. २०१०च्या अखेरीस अवकाळी पावसाने नाशिककडचा कांदा नासला आणि किरकोळ भाव भडकले. आयोगाने बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेकडून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कांदा बाजारांचा अभ्यास करून घेतला. २०१२च्या अहवालात मोजक्या बड्या व्यापाऱ्यांची पकड आणि नव्या व्यापाऱ्याला शिरकाव करण्यातल्या अडचणी दिसल्या. मात्र पकड असणे वेगळे आणि संगनमत वेगळे. रोज एकाच आवारात भेटणाऱ्यांना कागदावर काही लिहायची गरजच नसते.

कंपन्यांचे तसे नाही. त्यांचे व्यवहार ईमेलमध्ये उरतात.

बिअरच्या प्रकरणात नेमके तेच घडले. सॅबमिलर ही बिअर कंपनी विकत घेतलेल्या एबी इनबेव्हने २०१७ मध्ये आपणहून आयोगाकडे संगनमताची कबुली दिली. पहिल्याने माहिती देणाऱ्याला दंड पूर्ण माफ होऊ शकतो, आणि मागून येणाऱ्याला सवलत कमी; त्यामुळे साथीदारांचा एकमेकांवर भरवसा राहत नाही. चौकशी आयोगाच्या महासंचालकांकडे गेली. न्यायालयाचे वॉरंट घेऊन १० ऑक्टोबर २०१८ रोजी छापे पडले आणि आपसातला पत्रव्यवहार हाती लागला.

सप्टेंबर २०२१च्या आदेशात आयोगाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत भाव संगनमताने ठरवल्याचे म्हटले. महाराष्ट्रात तर पुरवठा आवळल्याचा आणि बाजार वाटून घेतल्याचाही ठपका होता. तळोजा एमआयडीसीत कारखाना असलेल्या युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी, कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटी रुपये दंड झाला. सहकार्याबद्दल त्यांना अनुक्रमे ४० आणि २० टक्के सूट धरूनही. एबी इनबेव्हला काहीच भरावे लागले नाही. कंपन्यांच्या संघटनेलाही दंड झाला, कारण तिच्याच व्यासपीठावरून ही जुळवाजुळव चालली होती. डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा आदेश कायम ठेवला.

दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. जादा पैसे मोजलेल्या ग्राहकाला भरपाई हवी असेल, तर न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.