कापलेला स्ट्रट आणि सातपुड्याचे घाट

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान सुरू झाले की ‘मॉडिफाय’ गाड्यांवरच्या कारवाईची छायाचित्रे छापून येतात. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर, काचेवरून उतरवलेली काळी फिल्म, दंडाच्या पावत्या. या छायाचित्रांत न दिसणारा एक बदल चाकाच्या आड असतो, आणि नंदुरबारच्या रस्त्यांवर मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. तो म्हणजे मूळ स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र धरणारा खांब) कापून बसवलेला कॉइलओव्हर.

सस्पेन्शनशी खटपट आपल्याकडे नवी नाही. माणसे आणि माल जास्त, रस्ता खराब, म्हणून जीपला, पिकअपला जादा पाटा टाकून गाडी उचलायची, हे जुने काम. आताची हौस उलट आहे. हॅचबॅक खाली बसवायची, चाक आणि मडगार्डमधली फट मिटवायची. त्यासाठी कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपभोवती स्प्रिंग असलेला, उंची बदलता येणारा भाग बसवतात. त्याच्या नळीवर आटे असतात. स्प्रिंगची खालची बैठक त्या आट्यांवर फिरवून वर-खाली नेता येते आणि गाडीची उंची बदलते. बैठक वर चढवली की स्प्रिंग कडक होते, असा समज पसरलेला आहे. साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगची ताकद त्याने बदलत नाही.

धोका कुठे आहे ते कळण्यासाठी अर्ल मॅकफर्सनकडे जावे लागते. हा अमेरिकी इंजिनिअर शेव्हरोलेच्या ‘कॅडेट’ या छोट्या गाडीवर काम करत होता. तो प्रकल्प १९४७ मध्ये बंद पडला, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० मध्ये ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांमधून त्याची रचना लोकांपुढे आली. त्याने चाकाला धरणारा वरचा आर्मच काढून टाकला आणि ते काम शॉकअपवर सोपवले. जागा वाचली, खर्च वाचला, छोट्या गाड्या स्वस्त झाल्या. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हीच रचना होती आणि आजच्या बहुतेक हॅचबॅकना तीच आहे. मला ही विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या यांत्रिक कल्पनांपैकी एक वाटते.

पण त्यामुळे स्ट्रट नुसता धक्के शोषत नाही, तर चाकाला उभे धरतो. स्टिअरिंग फिरवले की तो फिरतो. वळणावर आणि ब्रेक दाबताना त्याला वाकवू पाहणारा जोर तो अंगावर घेतो. म्हणून त्याचा दांडा साध्या शॉकअपपेक्षा जाड असतो.

तयार किट असेल तर जुना स्ट्रट अख्खा काढून नवा बोल्टने बसतो. किट मिळत नाही किंवा परवडत नाही, तिथे कापाकापी सुरू होते. ग्राइंडरने जुनी बैठक उडवायची, नळी कापायची, आट्यांची बाही वेल्ड करायची, आत आखूड शॉकअप टाकायचा. स्पर्धेच्या गाड्यांसाठी जाणकार हे काम करतात, पण नळी एका रेषेत राहावी म्हणून जिगमध्ये धरून आणि नंतर वेल्डला तडा आहे का ते तपासून. नुसत्या नजरेच्या अंदाजाने केलेल्या वेल्डवर चाक सोपवायचे नसते. शिवाय स्ट्रटमध्ये तेल असते, बहुतेकांत दाबाखालचा नायट्रोजनही. बंद नळीवर ग्राइंडर लावणाऱ्या कारागिराचा जीव त्याच क्षणी धोक्यात येतो.

समजा वेल्ड उत्तम झाला. तरी गाडी फार खाली नेली की खालचा आर्म आडव्या रेषेच्या पुढे, चाकाकडे वर चढतो. मग गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांतले अंतर वाढते आणि खाली बसवलेली गाडी वळणावर झुकायला जास्त ओढ घेते. ते लपवण्यासाठी आणखी कडक स्प्रिंग येते, आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडू लागतो. सातपुड्यात म्हसावदहून तोरणमाळला चढताना, तळोद्याहून चांदशैली घाटाने धडगावला जाताना टायरची पकड हाच आधार असतो. चाकाला वर जायला समजा ८० मिलिमीटर जागा होती आणि गाडी ४० ने खाली आणली, तर निम्मी जागा उभ्या गाडीतच संपली. उरलेल्या जागेत गतिरोधक झेलायचे असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गावोगावचे गतिरोधक कसे आहेत, हे इथे कोणाला सांगायला नको.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ‘बदल’ म्हणजे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला फेरफार, असे सांगते. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. कलम १८२ अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या मते कापलेला स्ट्रट यात नि:संशय बसतो.

गाडी घाटात सैल वाटत असेल तर आधी गळका शॉकअप, वरचा माउंट आणि आर्मचे बुश तपासावेत. बहुतेकदा दुखणे तिथेच असते. कॉइलओव्हर हवाच असेल तर बोल्टने बसणारा घ्यावा, उंची कंपनीची ठेवावी आणि लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

आणि परिवहन विभागाने तपासणीत एकदा टॉर्च मडगार्डच्या आत मारावी. स्टिअरिंग पूर्ण वळवले की स्ट्रटवरचा वेल्ड बहुतेक गाड्यांत चाक न काढताही दिसतो.