पेशीतला जागल्या

पावसाळा आला की वर्गात शिंकांची साथ सुरू होते. एकाच बाकावरच्या दोघांना सर्दी-ताप येतो. एक दोन दिवसांत खडखडीत बरा, दुसरा आठवडाभर अंथरुणात! असं का बरं होत असेल? झोप, खाणंपिणं, आधीचे आजार, घेतलेल्या लशी अशी पुष्कळ कारणं असतात. पण एक कारण पेशींच्या आत दडलेलं आहे. आज त्याची ओळख करून घेऊ या.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतल्या १२ व्या गुणसूत्रावर ‘ओएएस-१’ नावाचं जनुक आहे. जनुक म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याची लिहून ठेवलेली कृती. या कृतीवरून पेशी एक विकर बनवते. लाळेतलं विकर भाकरीतल्या पिष्टाची साखर करतं, हे तुम्ही शिकला असाल. हे विकर मात्र रात्री गावात गस्त घालणाऱ्या जागल्यासारखं आहे.

चोर ओळखायचा कसा? आपल्या पेशीतला आरएनए बहुतेक एकपदरी असतो. अनेक विषाणू मात्र पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढू लागले, की लांबच लांब दुपदरी आरएनए तयार होतो. जागल्याचा हात या दुपदरी धाग्यावर पडला, की तो खडबडून जागा होतो. पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपीचे रेणू घेऊन तो त्यांची एक आखूड साखळी जोडतो. ही साखळी म्हणजे त्याची शिट्टीच!

शिट्टी ऐकून दुसरं एक विकर उठतं. त्याचं नाव ‘आरएनेज-एल’. ते कात्रीसारखं विषाणूचा आरएनए कापत सुटतं. पण बरं का, ही कात्री आपलं-परकं पाहत नाही. पेशीचा स्वतःचा आरएनएही ती कापते. प्रथिनं बनणं थांबतं आणि कधी कधी पेशी मरूनही जाते. एक पेशी जाते, पण विषाणूचा कारखाना बंद पडतो आणि शेजारच्या पेशी वाचतात.

शेजाऱ्यांना आधी सावध करण्याचीही सोय आहे. विषाणूने घेरलेली पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचं प्रथिन बाहेर सोडते. १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी ते शोधून काढलं. हा निरोप पोचला, की शेजारच्या पेशी आपापले जागले वाढवतात.

आता खरी गंमत ऐका. ओएएस-१ जनुकातल्या एका, होय, फक्त एका अक्षराच्या फरकाने या विकराचा लांब किंवा आखूड प्रकार बनतो. लांब प्रकाराला स्निग्ध पदार्थाची शेपटी जोडली जाते. त्यामुळे तो पेशीच्या आतल्या पडद्यांना चिकटून बसतो. आणि कोरोना विषाणू नकला काढतो तो नेमका याच पडद्यांच्या आडोशाला! ज्यांच्याकडे हा लांब प्रकार आहे, त्यांना कोविड गंभीर होण्याचा धोका थोडा कमी असतो, असं २०२१ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आफ्रिकेबाहेरच्या अनेक माणसांकडे हे अक्षर निअँडरथल मानवाकडून आलं आहे. ते मानव सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले, पण त्यांचा जागल्या आपल्यात अजून गस्त घालतोय! आफ्रिकेतल्या अनेकांकडे तर तो आपल्या स्वतःच्याच प्राचीन पूर्वजांकडून चालत आलेला आहे.

म्हणजे ज्याच्याकडे ते अक्षर नाही, त्याचं काही खरं नाही का? छे, छे! आपल्या शरीरात इतरही पुष्कळ राखणदार आहेत. शिवाय लस, स्वच्छ हात आणि पुरेशी झोप आहेच. आणि कोणतं अक्षर मिळावं, हे कुणाच्याच हातात नसतं. म्हणून सारखा आजारी पडणाऱ्या मित्राला ‘नाजूक’, ‘रडका’ असं चिडवू नका. पालकांनीही ‘तो बघ कसा ठणठणीत आहे’ अशी तुलना करू नये. त्याची एखादी पेशी कदाचित याच क्षणी, शेजारणीला वाचवण्यासाठी, स्वतःचा जीव देत असेल. त्याला चुकलेला अभ्यास उतरवून द्या. कराल ना एवढं?