विमानांचे संच व मुलांचे हात
खेळणें कोणासाठीं निघतें, हें पालकांनीं पाहावें. लंडनच्या एअरफिक्स कंपनीनें १९५२ सालीं ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा प्लॅस्टिकचा जोडणीसंच साध्या पिशवींतून दोन शिलिंगांस विकला; पुढें स्पिटफायरसारखीं विमानेंही खाऊच्या पैशांत मिळूं लागलीं. १९८१ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. २००६ पासून ती हॉर्नबीकडे आहे. आतां बारीक कामाचे नवे साचे प्रौढ शौकिनांसाठीं निघतात, जुने ‘व्हिंटेज क्लासिक्स’ म्हणून परततात, आणि मुलांपुढें गोंदाविना जुळणारे ‘क्विकबिल्ड’ येतात. कारंजा (घाडगे) येथें राहणाऱ्या आम्हांस वाटतें, गोंद सुकेपर्यंत थांबण्याचा धीर हाच या खेळाचा खरा लाभ. तेव्हां वडील मंडळींनीं मुलांजवळ बसून एक तरी विमान गोंदानें जोडावें.