अंगणातील लाकडी ओटा

इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, हे आपल्याला ठाऊकच आहे. 1984 साली त्याच्या मागील भागातील लाकूड नष्ट झाले ते आगीने, कुजून नव्हे. ते जमिनीपासून दूर होते आणि त्यावर छप्पर होते. हल्ली बागेत लाकडी ओटा घालण्याची हौस वाढू लागली आहे. तेथे छप्पर नसते आणि जमीन तर वीतभर अंतरावर असते. असा ओटा टिकावा कसा, याचा आज थोडा विचार करू.

आपल्या जुन्या वाड्यांत खांब कधी मातीत पुरीत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा राही. बागेतल्या ओट्यालाही हाच नियम लावावा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर नुसते टेकवलेले खांब वर्षा-दोन वर्षांत वरखाली होतात. म्हणून काळी माती काढून मुरमापर्यंत जावे, तेथून दगड वा काँक्रीटचा पाया वर आणावा आणि लाकूड त्यावर ठेवावे. पाया जमिनीच्या वर निदान वीतभर दिसू द्यावा. वाळवी मातीच्या नळ्या करून वर चढते. पाया उघडा असला तर त्या नळ्या वेळीच दृष्टीस पडतात. ओट्याखालच्या जमिनीला उतार हवा, हे सांगावयास नकोच.

वरची रचना म्हणजे आपला कडीपाटच. फरक एवढाच, की घरात फळ्या घट्ट बसवतात आणि येथे त्यांच्यात फट ठेवावी लागते. इंदूरला वर्षाकाठी सुमारे 95 सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. त्या दिवसांत फळी रुंदीने फुगते, वैशाखात आकसते. तेव्हा मे महिन्यात ओटा बांधल्यास फट अधिक, सुमारे सहा मिलिमीटर ठेवावी. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या जडवल्यास तिच्या निम्म्याने भागते. साध्या लोखंडी खिळ्यांना गंज चढतो व भोवती काळे डाग पडतात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू महाग खरे, पण शेवटी तेच स्वस्त पडतात.

लाकूड सागाचे उत्तम, पण गाभ्याचे. कडेच्या पांढऱ्या भागाला वाळवी सोडीत नाही, मग दुकानदार काहीही सांगो. पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान मिळाले तर नव्यापेक्षा मी तेच निवडीन. ते पुरते वाळलेले असते आणि एक झाडही वाचते. हलके लाकूड टिकवण्यासाठी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण 1933 साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोन्ती कामेशम यांनी शोधले. ते जगभर वापरले गेले. परंतु आर्सेनिकच्या विषारीपणामुळे 2004 पासून युरोप-अमेरिकेत घरगुती कामासाठी त्याचा वापर जवळजवळ थांबला. असे लाकूड जुन्या सामानात हाती आले तर ते चुलीत घालू नये, आणि भाजीच्या वाफ्याशेजारीही लावू नये.

देखभालीत व्हार्निशच्या चकाकीला भुलू नये. उन्हाने ते तडकते, पाणी आत शिरते आणि मग बाहेर येऊ शकत नाही. पावसाळा संपून लाकूड चांगले वाळले, म्हणजे दिवाळीनंतर, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा; फळीच्या कापलेल्या टोकांना दोनदा, कारण पाणी सर्वांत जास्त तेथूनच शोषले जाते. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून मगच फेकावी. लाकूड उन्हाने राखाडी झाले तर घाबरण्याचे कारण नाही, ते केवळ वरवरचे असते. कुंड्या मात्र विटेच्या तुकड्यांवर ठेवाव्यात, नाहीतर प्रत्येकीखाली एक कुजके वर्तुळ तयार होते. मृगापूर्वी फटींत साचलेला पाला काढावा आणि खांबांच्या तळाशी दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेले, तर तेवढाच तुकडा त्याच उन्हाळ्यात बदलून घ्यावा.