जुनी सायकल, नवे छर्रे

जुन्या सायकलीच्या छंदात सायकल किती जुनी आहे याला दुय्यम महत्त्व असते. तिचे सुटे भाग आज मिळतात की नाही, यावर सगळे अवलंबून असते. १९५० च्या सुमाराची दणकट इंग्लिश बीएसए सांगलीत फारशी कटकट न होता चालती होते, कारण तिला लागणारे २८ बाय दीड इंची टायर, रॉड ब्रेकचे रबर, कॉटर पिना आणि छर्रे आजही बाजारात मिळतात. तिच्याहून तीसएक वर्षांनी तरुण असलेली इटालियन रेसिंग सायकल मात्र एका फ्रीव्हीलपायी वर्षभर भिंतीला टेकून राहू शकते. हौशी माणसाचा डोळा आधी या दुसरीवरच जातो, हा भाग वेगळा.

इंग्लिश सायकलीचे भाग इथे टिकून राहिले याला कारण आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकलींच्या आयातीवर निर्बंध आले आणि देशातले कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सशी भागीदारी करून हर्क्युलिस काढली. आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो, असे कारखाने एकामागून एक सुरू झाले. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. तिथल्या रस्त्याला आजही हिंद सायकल रोडच म्हणतात. या सगळ्यांनी इंग्लिश रोडस्टरचा साचाच पुढे चालवला : आडव्या दांडीची पोलादी फ्रेम, मोठी चाके, रॉड ब्रेक, पूर्ण झाकलेली साखळी. इंग्लंडमध्ये लोकांनी ही सायकल सोडून दिल्यावरही इथले दूधवाले, पोस्टमन आणि शेतकरी तीच चालवत राहिले. म्हणून सुट्या भागांचा बाजार टिकला. ॲटलसने मात्र साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता.

सांगली जिल्ह्याचे सायकलशी आणखी एक जुने नाते आहे. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानाने झाली. स्कॉटलंडच्या डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले तेही याच वर्षी, यावरून हे दुकान किती लवकरचे ते कळते. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगरांकडे वळले आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जागेवर कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांनी कारखाना हलवला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येते. महाराष्ट्राच्या यंत्रउद्योगाच्या मुळाशी नांगराच्याही आधी सायकल आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात नसते.

गावभाग, खणभाग किंवा मिरजेच्या जुन्या घरांत माळ्यावर, जिन्याखाली पडलेली सायकल निघते ती बहुधा इंग्लिश नावाची रोडस्टर, नाहीतर तिची भारतीय बहीण. रंग उडालेला असतो, नावाचा बिल्ला हरवलेला असतो. अशा वेळी दात्यांची मोठी चकती पाहावी. त्या काळचे इंग्लिश कारखाने चकतीतच आपली खूण कोरून घेत. बीएसएच्या चकतीत तीन अक्षरे दिसतात. बर्मिंगहॅमची ही कंपनी मुळात बंदुकांची, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन रायफली असतात. रॅलेच्या चकतीत बगळ्याची मुंडकी असतात, रजच्या चकतीत हाताचा पंजा, आणि हंबरच्या चकतीत छोट्या मानवाकृती. हंबरचा पुढचा चिमटा दोन्ही बाजूंना दुहेरी नळ्यांचा असे, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते. सायकलीला तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर वय शोधायला फार डोके खाजवावे लागत नाही. मागच्या हबच्या कवचावर बनावटीचे वर्ष आणि बहुतेकदा महिनाही ठोकलेला असतो. हब नंतर बदललेला असू शकतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. जुना नगरपालिकेचा पितळी बिल्ला सापडला तर तो जपावा. पूर्वी सायकलीला वार्षिक परवाना लागे आणि बिल्ल्यावरचे साल हा चांगला पुरावा ठरतो.

ब्रँड ओळखण्याचा उपयोग मिरवण्यापुरता नाही. बहुतेक इंग्लिश कारखाने इंचाला २४ आट्यांचा पेच वापरत, रॅले मात्र २६ आट्यांचा. रॅलेने १९३२ मध्ये हंबर आणि १९४३ मध्ये रज आपल्याकडे घेतली, तेव्हा त्यानंतरच्या हंबर आणि रजलाही रॅलेचाच पेच असतो. पायडलच्या दांड्यांच्या आसाचा बाजारातला नेहमीचा कप रॅलेच्या फ्रेममध्ये दोन फेरे बसतो आणि मग अडतो. तो जोर लावून फिरवला की फ्रेमच्या आट्या गेल्या. जुन्या सायकलींचे गंजाने होत नसेल इतके नुकसान या जोर लावण्याने होते.

विकत घेताना रंग, घंटी, दिवा यांकडे आधी बघू नये. हे सगळे बदलता येते. फ्रेम बदलली तर सायकलच बदलली. हँडलच्या खाली, जिथे वरची दांडी आणि तिरकी नळी पुढच्या आखूड नळीला मिळतात, तिथे बोट फिरवावे. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. फ्रेम सरळ आहे का, ते एका सुतळीने कळते. मागच्या आसाच्या खाचेला सुतळीचे टोक बांधायचे, ती पुढच्या आखूड नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणायची. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडची सुतळी किती लांब आहे ते पट्टीने मोजायचे. मापे सारखी आली तर फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक अनुभवी कारागीर काढून देतो. त्याहून मोठा फरक असेल तर सायकल भिंतीवर टांगण्यापुरतीच.

कृष्णाकाठच्या खरेदीत पुराचा प्रश्नही असतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरात सांगलीच्या कितीतरी तळघरांत, दुकानांत पाणी शिरले आणि सायकली दिवसचे दिवस गाळात राहिल्या. वरून पुसून तेल लावलेली अशी सायकल ठीक दिसते, पण पाणी नळ्यांच्या आत गेलेले असते. सीटचा दांडा काढून विजेरीने नळीत पाहावे. तळाशी वाळलेला गाळ किंवा पापुद्रे सुटलेला गंज दिसला तर किंमत भंगाराचीच लावावी. सीटचा दांडा निघतच नसेल तर तोही गंजाचाच पुरावा. आणखी एक गोष्ट संकोच न करता करावी : विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि फ्रेमचा नंबर लिहिलेला कागद घ्यावा. चोरीची सायकल ‘व्हिंटेज’ म्हणून विकली जाते ती, तिची कागदपत्रे कोणी मागत नाही, याच भरवशावर.

दुरुस्तीला सुरुवात सगळी सायकल सुटी करण्यापासून होते. सगळ्यांत चिवट वस्तू म्हणजे कॉटर पिन. पायडलची दांडी आसाला घट्ट धरणारी ही साडेनऊ मिलिमीटर जाडीची पाचर वर्षानुवर्षे तिथेच गंजून बसलेली असते. घाईघाईत हातोडा घातला की दोन अपघात होतात. पिनेची आटी चेपते, आणि घाव आसातून छर्‍यांवर जाऊन कपात खड्डे पडतात. जुने मेकॅनिक आदल्या रात्री रॉकेल आणि तेल सोडून ठेवतात. दुसऱ्या दिवशी दांडीखाली जमिनीवर टेकेल असा लोखंडी पाइपचा तुकडा उभा करतात, नट पिनेच्या टोकाशी सपाट येईल एवढाच सैल ठेवतात आणि एकच जोरदार ठोका देतात. घाव पाइपमधून जमिनीत जातो, छर्रे वाचतात. पिन तरीही हलली नाही तर ड्रिलने पोखरून काढावी लागते. ती स्वस्त असते, दांडी आणि आस नसतात. डाव्या पायडलच्या आट्या उलट्या असतात हे माहीत नसल्यानेही अनेकांनी आपली बोटे सोलून घेतली आहेत.

छर्रे परत वापरू नयेत. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची, मागच्या हबमध्ये आणि दांड्यांच्या आसावर पाव इंची छर्रे असतात, आणि नव्या छर्‍यांचा सगळा संच एका टायरहून कितीतरी स्वस्त पडतो. कप आणि कोन रॉकेलमध्ये धुऊन उजेडात फिरवून पाहायचे : जिथे छर्रे धावले तिथे गुळगुळीत चमकता पट्टा असेल तर ठीक, टोचे पडले असतील तर बदलायचे. ग्रीसमध्ये छर्रे मांडून कोन इतपतच आवळायचा की चाकाला हालचाल राहू नये आणि फिरताना ते अडकूही नये. व्हॉल्व्हच्या वजनाने चाक आपोआप फिरून खाली येऊन थांबले, की जमले.

इंग्लिश धाटणीच्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० स्पोक असतात, कारण माणसाचे आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचे वजन मागे जास्त पडते. चाकाचा आउट काढणे ही या छंदातली शिकायला सगळ्यात वेळ खाणारी आणि शिकल्यावर सगळ्यात समाधान देणारी कला. रिंग डावीकडे झुकली असेल तर त्या ठिकाणचे उजवे स्पोक आवळायचे, डावे सैल करायचे, तेही एका वेळी पाव फेरा. घाई केली की चाक आठाच्या आकड्यासारखे होते. हे पुस्तकातून येत नाही. सांगली-मिरजेत अजून जे जुने सायकल मेकॅनिक दुकान मांडून बसतात त्यांच्याजवळ दोन दुपारी उभे राहिल्याने येते. बहुतेकांकडे मुले हा धंदा पुढे चालवणार नाहीत, तेव्हा शिकायचे असेल तर ते आत्ताच.

गंजासाठी बाजारात मिळणारे ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून त्यात सुटे भाग रात्रभर बुडवले की गंज निघतो आणि खालचे निकेल-क्रोम शाबूत राहते. ते विषारी आहे. हातमोजे घालायचे, आणि घरातल्या भांड्यात हा उद्योग करायचा नाही. धुतल्यावर लगेच तेल लावले नाही तर नवा गंज दुपारपर्यंत चढतो.

रंगाच्या बाबतीत बहुतेक नव्या हौशींचा हात घसरतो. जुन्या इंग्लिश सायकलीवरचा काळा एनॅमल भट्टीत भाजलेला आणि सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असत. तो खरचटलेला, कुठे कुठे उडालेला असला तरी तसाच ठेवावा. साबणाच्या पाण्याने धुऊन मेण चोळले की पुरे. गॅरेजमध्ये नेऊन चकचकीत फवारणी केलेली रॅले घरी छान दिसते, पण जाणकार खरेदीदार तिच्याकडे वळूनही पाहत नाही. रंग एकदा काढला की परत येत नाही. ब्रुक्सचे चामडी सीट असले तर त्यालाही हेच लागू : पाण्यात भिजवू नये, खोबरेल तेल ओतून मऊ करू नये. असे चामडे महिनाभरात झोळीसारखे लोंबते. वरून थोडे चामड्याचे मेण आणि खालच्या बोल्टचा अर्धा फेरा एवढाच उपचार त्याला मानवतो.

वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलींचा हिशेब वेगळा आहे. बोरघाट चढून जाणाऱ्या मुंबई-पुणे शर्यतीने महाराष्ट्रात या सायकलीची हौस जागती ठेवली. तिथे ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळवणे हे कितीतरी गावांतल्या पोरांचे स्वप्न होते. ज्यांना परदेशी सायकल परवडत नसे ते बीएसए एसएलआरसारख्या हलक्या भारतीय सायकलीवर वाकडे हँडल चढवून सराव करत. आज ही एसएलआर नव्या माणसासाठी सगळ्यात शहाणी खरेदी आहे : स्वस्त, हलकी आणि सहज दुरुस्त होणारी. खरी जुनी परदेशी रेसर हाती आली तर फ्रेमवरचा स्टिकर वाचावा. रेनॉल्ड्स ५३१ म्हणजे १९३५ पासून बर्मिंगहॅममध्ये बनलेली मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी. साध्या पोलादापेक्षा भिंत पातळ ठेवूनही ती तितकीच मजबूत राहते, म्हणून सायकल हलकी होते. चाकांचे माप मात्र आधी पाहावे. अशा सायकलींना २७ बाय सव्वा इंची किंवा ७०० सी माप असते. आकड्यांवरून ती जवळजवळ सारखी वाटतात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिंगवर बसत नाही. ७०० सी निघाले तर नव्या सायकलींचे टायर चालतात. २७ इंची निघाले तर खरेदीआधी टायर शोधावा, नंतर नाही.

इटलीत टस्कनीतल्या गायोले गावी १९९७ पासून भरणारी ‘लेरोइका’ ही सवारी या छंदाचा जगभरचा मापदंड ठरली. तिथे १९८७ पूर्वीच्या रेसिंग सायकलीच चालतात. गिअरचे खटके तिरक्या नळीवर हवेत आणि ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून लोंबलेल्या हव्यात. असा कडक नियम आपल्याकडे कोणी करत नाही. पण मूळ सायकल कशी होती हे डोळ्यांनी पाहायचे तर लांब जायची गरज नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय २०१७ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथल्या शंभरावर सायकलींत दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसएही आहे. रेघा कुठून कुठे गेल्या, कोणता नट पितळी होता, दिव्याचा हूक कसा होता, हे तिथे बारकाईने पाहता येते.

तयार सायकल आधी सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर चालवावी, साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासला नेण्याचा मोह आवरावा. एकाच गिअरची रोडस्टर तो घाट चढत नाही असे नाही, पण उतारावर रॉड ब्रेक ओल्या रिंगवर जवळपास काहीच पकडत नाहीत. पावसाळ्यात तर हा बेत नकोच. तीन गिअरचा हब असेल तर घाट सोपा होतो, कारण त्याचा खालचा गिअर मधल्यापेक्षा २५ टक्के हलका असतो. त्याची तार मात्र नीट बसलेली हवी. सैल तारेने मधल्या आणि वरच्या गिअरमध्ये एक मोकळी जागा राहते. तिथे पाय अचानक रिकामा फिरतो आणि उभे राहून जोर लावणारा माणूस दांडीवर आपटतो. पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर झाल्यावर सायकल परत उलटी करायची, कॉटर पिना पुन्हा ठोकून त्यांचे नट आवळायचे, स्पोक बोटाने वाजवून सैल कोणते ते पाहायचे आणि कोन तपासायचे. नवे छर्रे आपल्या जागी बसतात ते याच अंतरात, त्यामुळे थोडी ढिलाई येणारच. ती काढली की पुढचे ओव्हरहॉलिंग वर्षभराने.